कायदा पाळायची खोड लागलीय? सांगलीत यावर घरगुती उपाय आहेत

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सांगली-मिरज रोडवरचा एखादा चौक, सिग्नल लाल, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि तुम्ही गाडी थांबवून उभे. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, त्याला रिफ्लेक्टर एकही नाही पण स्पीकर चार आहेत, त्यावरचा गडी बोंबलतो 'ओ पावणं, झोपला काय?', आणि तरी तुम्ही हिरवा व्हायची वाट बघताय. तुम्हाला वाटत असेल ह्यात काय एवढं. पण घरच्यांना विचारा. हे असंच सुरू होतं, आधी सिग्नल, मग घरपट्टी वेळेत, मग दुकानदाराकडं पक्कं बिल मागायचं, आणि एक दिवस माणूस पाटी वाचून 'इथं गाडी लावू नये' म्हणून खरंच लावत नाही आणि अर्धा किलोमीटर चालत येतो. बायको तेवढा वेळ मंडईत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी. असल्या माणसाचं पुढं काय होणार सांगा.

घाबरू नका, बरं होता येतं. मी आयुष्यभर सांगलीत राहिलोय, भलेभले बरे झालेले बघितलेत.

आधी हे कशानं झालं ते बघू. बहुतेकांना वाटतं माणूस भीतीनं कायदा पाळतो. तसं असतं तर सोपं होतं, मामा दिसला की हेल्मेट डोक्यात, मामा गेला की हेल्मेट आरशाला, ही निरोगी माणसाची खूण आहे. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा दिल्लीला हेच वाटलेलं, विना लायसनचा दंड ५०० वरून ५,००० केला, पिऊन चालवायचा २,००० वरून १०,००० केला. आपल्या राज्यानं तर हे दर सुरुवातीला लागूच केले नाहीत, डिसेंबर २०२१ उजाडला, आणि तेही सगळे जसेच्या तसे घेतले नाहीत. तसं बघायला गेलं तर इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंतानं १७६४ सालीच लिहून ठेवलंय की शिक्षा मोठी असून उपयोग नाही, ती नक्की होणार हे माणसाला माहीत पाहिजे. आपल्याकडं नक्की काय होणार हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळं त्या बाजूनं काळजी नाही.

पण साडेअकराला चौकात मामा नव्हता. मग तुम्ही कशाला थांबला? इथंच खरी गोम आहे. तुमच्या डोक्यात कुठंतरी लहानपणापासून एक समजूत बसलीय, की हा नियम सगळ्यांना आहे म्हणून मलापण आहे. बास, एवढंच. ती समजूत उपटली की माणूस खडखडीत बरा.

हे मी मनानं सांगत नाही. टॉम टायलर म्हणून एक मानसशास्त्राचा प्राध्यापक, त्यानं १९८० च्या दशकात शिकागोत १,५७५ लोकांना फोन करून विचारलं की बाबांनो तुम्ही कायदा का पाळता, त्यातल्या ८०४ जणांना नंतर परत विचारलं. शिक्षेच्या भीतीचा वाटा त्याला फार थोडा दिसला. ज्यांना वाटत होतं की पोलीस आणि कोर्ट आपल्याशी नीट वागतात, ऐकून घेतात, माणूस बघून नियम बदलत नाहीत, ते लोक कुणी बघत नसतानापण कायदा पाळत होते. आणि गंमत म्हणजे निकाल विरोधात गेला तरी त्यांचं एवढं काही बिघडत नव्हतं, फक्त वागणूक सरळ पाहिजे होती. म्हणजे औषध उघड आहे, वागणूक सरळ ठेवायची नाही. शिकागोवाल्यांना हे जमलं नसेल, आपल्याला सवय आहे.

पहिलं काम मोबाईलचं. त्यात किमान एक साहेब, एक दादा, एक आबा आणि एक भाऊ सेव्ह पाहिजेत. नगरसेवक असलाच पाहिजे असं काही नाही, माजी चालतो, भावी तर उत्तम चालतो कारण त्याला सध्या कामंच नसतात, पहिल्या रिंगला उचलतो. गाडी अडवली की लायसन शोधायचं नाटक करायचं नाही, फोन लावायचा आणि 'साहेब जरा बोला' म्हणून सरळ मामांच्या हातात द्यायचा, आपण वर आभाळाकडं बघायचं. पलीकडून काय बोललं जातं हे ऐकू येत नाही पण मामांचा चेहरा बघण्यासारखा असतो, आधी वैताग, मग 'हां हां', मग 'आपलाच माणूस आहे होय', आणि शेवटी फोन परत देताना वर तुम्हालाच बोलणं, 'आधी सांगायचं न्हाई का मर्दा.' ह्या वाक्याची किंमत ओळखा. तुम्ही चुकला हे बरोबर, पण तुमची चूक हेल्मेट न घालण्याची नाही, आधी न सांगण्याची आहे.

तेवढ्यात तुमच्या मागं जत नाहीतर आटपाडीकडचा एखादा फेटेवाला म्हातारा जुन्या एम-८० गाडीवर उभा असतो. दवाखान्याला आलेला असतो. त्याच्या फोनमध्ये फक्त पोराचा आणि डेअरीचा नंबर. तो पैसे मोजतो आणि पावती घेतो. त्याच्याकडं बघू नका. बघितलं तर ती जुनी समजूत परत उफाळून येते असा अनुभव आहे.

फोन करायचापण कंटाळा येत असेल तर गाडीच बोलती करा. न्यूयॉर्कला युनायटेड नेशन्समध्ये जगभरातले राजदूत आणि त्यांचा लवाजमा असतो, त्यांच्या गाडीला वेगळी नंबरप्लेट आणि पार्किंगची पावती फाडली तरी वसूल करता येत नव्हती. कायदा तोच, शहर तेच, भीती शून्य, म्हणजे माणूस मनातून कसा आहे ते बघायला ह्याहून चांगली सोय नाही. फिस्मन आणि मिगेल ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब काढला तर १९९७ ते २००२ मध्ये दीड लाखाच्या वर पावत्या थकलेल्या, एक कोटी ऐंशी लाख डॉलरच्या वर रक्कम. कुवेतवाले पहिल्या नंबरला. आणि स्वीडन, नॉर्वे, जपान ह्यांची थकबाकी शून्य! कुणी विचारणार नाही हे माहीत असताना. बिचारे. तुमच्यासारखीच खोड, फक्त त्यांच्याकडं अख्ख्या देशाला लागलीय म्हणून कुणाला दिसून येत नाही. पुढं २००२ ला शहरानं पावत्या थकवल्या तर नंबरप्लेट काढून घेऊ म्हणून दम दिला आणि थकवणं जवळपास बंद झालं, म्हणजे भीतीनं काहीच होत नाही असं कुणी म्हणू नये, होतं, पण मग कायम दम देणारा माणूस रस्त्यावर उभा करायला लागतो आणि त्या माणसाचापण एखादा मेव्हणा असतोच.

आपल्याला त्यासाठी राजदूत व्हायची गरज नाही. मेव्हणा झेडपीत असला तर काचेवर लाल अक्षरात 'महाराष्ट्र शासन' लिहा. पुतण्या कुठल्या पोर्टलला बातम्या पाठवत असेल तर 'प्रेस'. कुणीच नसेल तर महाराजांचा फोटो लावा आणि खाली ८०५५ चं 'बॉस' करून घ्या, महाराजांनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून सैन्याला ताकीद दिलेली होती वगैरे आठवायची गरज नाही, फोटो पुरे.

आता पार्किंग. गणपती पेठेत, हरभट रोडला चारचाकी लावायला जागा नाही असं जे म्हणतात त्यांना व्यवहार कळत नाही. दंड म्हणजे भाडं समजायचं. इस्रायलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली छापून आले. आईबाप पोरांना न्यायला उशिरा यायचे म्हणून त्यातल्या काही पाळणाघरांनी दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की दहा शेकेल दंड सुरू केला, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना थांबायला लागतंय म्हणून लाज वाटायची, आता पैसे मोजलेत म्हटल्यावर लाज कसली? आणि पुढं दंड बंद केला तरी उशीर कमी झाला नाही, लाज एकदा गेली ती गेली. हे वाचून मला आपल्या पेठेतल्या व्यापाऱ्यांचा फार अभिमान वाटला, हैफाला जे प्रयोग करून कळलं ते इथं अनुभवानं कधीचंच माहीत आहे. एकच सांगतो, दंड भरताना तोंड पाडायचं नाही, हॉटेलात बिल देतो तसं द्यायचं आणि सुट्टे मागायचे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सचं जरा वेगळं आहे, तिथं कायदा मोडणं हे कायद्याला माहीत असून उपयोग नाही, गावाला दिसलं पाहिजे. बेकायदेशीर होर्डिंगविरुद्ध मुंबई हायकोर्टात जी गाजलेली याचिका झाली ती कुठली तर आपल्या साताऱ्याची, सुस्वराज्य फाउंडेशनची, जानेवारी २०१७ ला निकाल लागला आणि राज्यातल्या सगळ्या पालिकांना आदेश गेले. म्हणजे ह्या विषयात राज्याला धडा साताऱ्यानं दिला. आता जाऊन पोवई नाक्यावर उभं राहा आणि मान वर करून शुभेच्छुक मोजत बसा, संध्याकाळ होईल. फ्लेक्स लावताना खांब पालिकेचा निवडावा आणि फोटो अशा माणसाचा निवडावा की काढायला येणाऱ्या कर्मचाऱ्याला शिडी चढता चढता आपल्या पोरांची तोंडं आठवली पाहिजेत.

इथपर्यंत केलं तर निम्मा फरक पडतो. खरा फरक पडतो धीर धरल्यावर. कायदा पाळणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे घाई. जुन्या गाड्यांना ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवायची मुदत ३१ मार्च २०२५ होती, तुम्ही आदल्या महिन्यातच ऑनलाईन अपॉइंटमेंट घेऊन, सुट्टी टाकून, रांगेत उभं राहून बसवली असणार, मला माहीत आहे तुमचा स्वभाव. मग मुदत एप्रिलअखेर झाली, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. शेजारचा आजही जुन्याच प्लेटवर फिरतोय आणि तुमच्या प्लेटकडं बघून विचारतोय, 'कितीला बसवली?' चलनाचं तसंच, मेसेज आला की त्याच दिवशी भरणारा जो असतो त्याला पुढं लोक अदालतीत तडजोड होऊन कमी रकमेत मिटवणारा भेटतो तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही.

आणि गुंठेवारी! ह्यात तर सांगलीकरानं कुणाचं ऐकून घ्यायचंच नाही. ज्यानं बिगरशेती करून घेतली, ले-आऊट मंजूर केला, रस्त्याला जागा सोडली, ओपन स्पेस सोडली, प्रत्येक टेबलाला फाईल फिरवून चपला झिजवल्या, तो घरात राहायला येईपर्यंत पलीकडं शेतात फक्की मारून गुंठागुंठ्यानं प्लॉट पडले, स्टॅम्पवर व्यवहार झाले, स्लॅब पडले, वास्तुशांत्या झाल्या. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतचं सगळं नियमित करायची सोय झाली. नंतर २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे वीस वर्षं! आता प्रामाणिकपणे एक सांगतो, गुंठेवारीत घर बांधणारा हमाल, रिक्षावाला, मिरज एमआयडीसीतला कामगार, ह्यांना मी नावं ठेवणार नाही, त्याला एक गुंठ्याच्या वर परवडत नव्हतं आणि कायदेशीर एक गुंठा त्याला कुणी विकत नव्हतं, त्यानं करायचं काय. तो बेकायदेशीर झाला नाही, त्याला कायद्यात जागाच ठेवली नव्हती. पण प्लॉट पाडून, पैसे मोजून, गाडी बदलून निघून गेलेला जो माणूस आहे त्याचा फोटो देवघरात लावा. नियमितीकरणाचे पैसे त्याला भरायला लागले नाहीत. ते हमालानं भरले.

पूररेषेचंपण सांगून टाकतो. निळी रेषा, लाल रेषा, हे नकाशावर असतं, जमिनीवर काय रेघ मारलेली नसते, त्यामुळं आपल्याला दिसली नाही म्हणायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा बऱ्याच जणांनी बऱ्याच जणांना फोन लावले होते. कृष्णामाईनं एकाचापण उचलला नाही. तेवढं एक ठिकाण सोडलं तर बाकी सगळीकडं हा उपाय चालतो.

तुम्ही खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसत असाल, म्हणजे लोक तुमच्याकडं अर्ज घेऊन येत असतील, तर तुमच्यावर जबाबदारी जास्त आहे, कारण तुम्ही एका दिवसात पन्नास जणांची खोड मोडू शकता. मान वर करायची नाही. माणूस बोलायला लागला की दुसऱ्या शब्दाला 'उद्या या'. कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याला वाटतं आपण माणूस आहोत. एक कागद कमी आहे म्हणायचं, तो आणला की दुसरा. आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे तो तिथं तासभर उभा असताना मागून एकजण थेट आत यावा, 'या या अण्णा' म्हणत तुम्ही उठावं, चहा मागवावा आणि त्याचं काम उभ्या उभ्या व्हावं. रांगेतला माणूस काही बोलत नाही. तो फक्त बघून ठेवतो. पुढं तो कर भरणार नाही, कचरा ओढ्यात टाकेल, मीटरमध्ये काडी घालेल, आणि त्याला कुणी विचारलं तर म्हणेल 'सगळेच करतात', आणि त्यात खोटं काही नसेल.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. घरात कुणी नव्वदी पार केलेलं म्हातारं माणूस असेल, त्यातून कुंडल, वाळवा, शिराळा नाहीतर तिकडं कराड-वडूज भागातलं, तर त्याच्यासमोर हा विषय काढताना सांभाळून. वरवर बघता पत्री सरकारचा, म्हणजे इंग्रज असतानाच नाना पाटलांनी इथं चालवलेल्या प्रतिसरकारचा, आपल्याला फायदाच आहे. सिग्नल तोडताना 'आमच्या रक्तात क्रांती आहे' म्हणता येतं, आणि खोटंही नाही, तेव्हा सातारा जिल्हा एकच होता, सांगलीकडचे बरेच तालुके त्यातच, ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वे लुटली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पार धुळ्याकडं जाऊन सरकारी खजिना लुटला. इंग्रजांचा कायदा म्हणून जे काही होतं ते ह्या लोकांनी पायाखाली तुडवलं. इथपर्यंत सांगायचं आणि थांबायचं.

कारण म्हातारं पुढं बोलायला लागलं की घोटाळा होतो. ते सांगतं की त्याच काळात, १९४३ ते ४६, गावोगाव न्यायदान मंडळं होती, बांधाची भांडणं, सावकाराची प्रकरणं तिथं मिटायची, दारूबंदी होती, लग्नं गांधी पद्धतीनं कमी खर्चात लावायची, आणि लोक ते पाळत होते. इमारत नाही, शिक्का नाही, पगारी पोलीस नाही. आता तुफान सेना म्हणून त्यांचं स्वयंसेवकांचं दल होतं आणि शिक्षा कडक असायच्या, नुसती भजनं चालायची नाहीत हे खरं. पण भीतीचंच म्हणाल तर जास्त मोठी बंदूक इंग्रजाकडं होती, आणि बक्षीस लावलेले नाना पाटील ४२ पासून ४६ पर्यंत ह्याच गावांतून भूमिगत राहिले, एवढ्या गावांतल्या एवढ्या घरांनी भाकरी दिली आणि पकडून मात्र कुणी दिलं नाही. कलेक्टरचा हुकूम न ऐकणारा माणूस गावातल्या पंचांचा निकाल गुमान ऐकत होता, कारण तो निकाल त्याला आपला वाटत होता, आणि पाटलाच्या पोरालापण तोच लागतो हे त्यानं बघितलं होतं. शिकागोच्या प्राध्यापकानं १,५७५ फोन करून जे शोधलं ते कुंडलच्या म्हाताऱ्यानं फुकट सांगितलं असतं. हे सगळं ऐकलं तर तुमचं आतापर्यंतचं औषधपाणी वाया. त्यामुळं म्हाताऱ्याचा सत्कार करावा, शाल-श्रीफळ द्यावं, फोटो काढावा, माईक देऊ नये.

राहता राहिली पोरं. मोठ्या माणसाची खोड मोडायला वेळ लागतो, पोरांचं लवकर होतं. दहावीचा निकाल लागला की विश्रामबागला क्लास लावायचा आणि त्याच दिवशी मोपेडची किल्ली हातात द्यायची, सोळाचं असलं तरी चालतं, दिसायला अठराचं दिसतं म्हणायचं. कायद्यात कलम १९९ अ आहे, पोरगं गाडी चालवताना सापडलं तर बापाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. वाचून घाम फुटतो. पण आपण वर मोबाईलचं काम करून ठेवलंय ते कशासाठी?

एक दिवस पोरगं ट्रिपल सीट सापडतंच. त्याचा फोन येतो, आवाज कापरा असतो, रडायच्या बेतात असतं, 'पप्पा, मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावलीय.' अशा वेळी रागवायचं नाही. शांतपणे विचारायचं, कुठल्या चौकात, कोण आहे, नाव काय लिहिलंय छातीवर. मग स्वतः जायचं, समक्ष. पोराला शेजारी उभं करायचं, खांद्यावर हात ठेवायचा, आणि भाऊंना फोन लावताना स्पीकर चालू ठेवायचा, पोराला सगळं नीट ऐकू आलं पाहिजे.